भरल्या मांडवात वारा

मांडवाच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. रामवाडीच्या गोदामात सामान परत आलं की कापड झटकता झटकता कुणीतरी म्हणतं, "हे त्या अमक्याच्या लग्नातलं ना?" आणि काम थांबतं. पेणपासून रोह्यापर्यंत वीसेक वर्षं मी मांडव घालतोय, त्याआधी आबा घालायचे. एप्रिल-मे हा आमचा सीझन. अलीकडे अवकाळी पावसानंही नेमका तोच धरलाय. लोक मोबाइल पुढे करून विचारतात, "शेठ, पाऊस दाखवतोय, काय करायचं?" मी म्हणतो, "मांडव मी उद्याही उभा करीन, लग्न मात्र तुमचं आजच आहे. तुमचा जीव कशात अडकलाय तेवढं सांगा, आधी ते सांभाळू."

*

आमचा मुकादम नामा, गागोद्याकडच्या कातकरीवाडीतला. पेणजवळच्या एका लग्नात यजमानांनी धूळ नको म्हणून चारी बाजूंच्या कनाती घट्ट बांधून घेतल्या. मी नको म्हणत होतो, पण गिऱ्हाइकापुढे किती बोलणार? दुपारी वादळ उठलं. वारा खालून आत शिरला आणि त्याला बाहेर जायला वाटच नाही. पाइपांसकट सगळा मांडव चार बोटं वर उचलला गेला.

नामा कोयता घेऊन वर चढला आणि त्यानं छताचं कापड उभं फाडलं. त्याच सीझनला घेतलेलं, झालरीचं. मी खालून ओरडलो, "अरे, नवीन कापड आहे ते!"

नामा वरूनच म्हणाला, "व्हय शेठ. पन खाली पोरं बसलीत."

वारा त्या फटीतून निघून गेला आणि पाइप जागेवर बसले. यजमान नंतर मला सांगत होते की पुढच्या वेळी जरा चांगलं कापड आणा. मी हो म्हटलं. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली, आणि ते कापड ठिगळ लावून मी अजून वापरतो.

*

एकदा रोह्याहून येणारं वऱ्हाड अडकलं. सकाळच्या पावसात रस्त्यावर झाड पडलेलं. नवरदेव डोक्यानं शहाणा. घरच्या सगळ्यांना घेऊन तो पॅसेंजरमध्ये बसला आणि जित्याला उतरला. स्टेशनवर दुसरं वाहन नव्हतं, म्हणून आम्ही आमचा टेम्पो पाठवला. फेटा सांभाळत नवरदेव आमच्याच खुर्चीवर बसून आला, डोक्यावर ताडपत्री.

मुलीच्या मामांनी हौसेनं घोडा ठरवला होता. तो विजेला बिचकला, त्यामुळे घोडेवाला लगाम धरून टेम्पोच्या मागे चालत आला. मामा फार खट्टू झाले. म्हणाले, "एवढा घोडा आणला आणि नवरदेव टेम्पोतून यावा?"

नवरदेवाची आई चिखलात पाय टाकता टाकता म्हणाली, "घोड्यावरनं येकटाच आला असता. टेम्पोतनं आमी समदी आलो."

मामांनी पुढे होऊन तिला हात दिला आणि स्वतःच्या छत्रीत घेतलं.

*

आमचे नेहमीचे भटजी बापूकाका. ते लावत असलेल्या एका लग्नात पत्र्याच्या शेडवर गारा कोसळायला लागल्या. लाइट गेली, माइक बंद पडला. मंगलाष्टकं कुठपर्यंत आली हे पहिल्या रांगेलासुद्धा कळेना. मग असं ठरलं की नामानं खुर्चीवर उभं राहून बापूकाकांच्या ओठांकडे बघायचं. एक मंगलाष्टक संपलं की टॉवेल वर करायचा, मग लोकांनी अक्षता टाकायच्या. शेवटचं संपलं की टॉवेल दोनदा झटकायचा, म्हणजे अंतरपाट दूर.

दोन मंगलाष्टकं झकास झाली. तिसऱ्याला पत्र्यातून नामाच्या डोळ्यांत पाणी गळलं. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं, टॉवेल पिळला आणि सवयीनं दोनदा झटकला.

अंतरपाट सुटला. हार पडले. बँड सुरू झाला. मुहूर्ताला अजून सात मिनिटं होती. मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला आणि सगळा मांडव बापूकाकांकडे बघायला लागला. बापूकाकांनी शांतपणे मनगटावरचं घड्याळ काढलं, कमरेला खोचलं आणि म्हणाले, "लागलं."

त्या जोडप्याला आता दोन मुलं आहेत. ती सात मिनिटं कुणी परत मागितलेली नाहीत.

*

रोह्याकडच्या एका गावात मांडवात गुडघाभर पाणी साचलं. ऐन वेळी लग्न शाळेत हलवलं. बाक भिंतीला लावले आणि फळ्यासमोर अंतरपाट धरला. नवरी त्याच शाळेत नववीपर्यंत शिकलेली. पुढे वडील अंथरुणाला खिळले तशी तिची शाळा सुटली. मोठी झाल्यावर ती कंपनीत शिफ्टला जाऊ लागली आणि धाकट्या दोघांना तिनंच शिकवलं.

शाळा उघडून द्यायला गुरुजी स्वतः आले होते. लग्न लागल्यावर त्यांनी कपाट उघडलं, एक कागद काढला आणि तिला म्हणाले, "तू दाखला न्यायला आलीच नाहीस. मी आपला जपून ठेवलाय. आज घेऊन जा."

तिनं तो वाचला. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. हळदीचं बोट लागू नये म्हणून कडेला धरून वाचला आणि परत दिला.

"तुमच्याकडंच राहू द्या, गुरुजी. माझं हितलं नाव हाय त्याच्यावर."

गुरुजींनी कपाटाला कुलूप लावलं, पण किल्ली त्यांना कुलपातून काढता येईना. मी काढून दिली.

*

हा पुढचा किस्सा मी गोदामात कुणाला सांगत नाही. नामा असला की तोही गप्प बसतो.

गागोद्याच्या अलीकडे एका गावात सुनंदावहिनींच्या मुलीचं लग्न होतं. वहिनींचा नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. भात आणि वाल पिकवून त्यांनी एकटीनं पोर वाढवली. तिचं आधी एकदा ठरलेलं लग्न साखरपुड्यानंतर मोडलं होतं, म्हणून या वेळी सगळेच धास्तावलेले.

विधवा म्हणून वहिनी कुठल्याच विधीला पुढे नव्हत्या. मांडवाची मुहूर्तमेढ, म्हणजे पूजा करून रोवायचा पहिला खांब, मोठ्या दिरांनी आणि जावेनं रोवली. कन्यादानालाही तीच दोघं बसणार होती. वहिनी गोठ्याच्या दाराशी उभ्या राहून बघत होत्या. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "मेढ पडली असं कुनी बोलायला नको. मागचं मोडलं तवाबी लोकांना कारनंच हवी व्हती. बाकी काय बी होऊ दे."

मी मान हलवली. आणि घाईत एका पाइपाला ताण देणारा दोर मीच त्या मेढीला बांधला होता. चूक माझी.

वऱ्हाड बसल्यावर आभाळ काळं झालं. मांडव सोडण्याशिवाय इलाज नव्हता, उभा ठेवला असता तर माणसांवर आला असता. सगळ्यांना ओटीवर आणि पडवीत नेलं आणि आम्ही दोर सोडायला लागलो. पाइप आडवा जाताना माझ्या त्या दोरानं मेढीला हिसका बसला. ती खड्ड्यात सैल झाली आणि कलली.

मी पोचायच्या आत वहिनी पोचल्या. दोन्ही हातांनी मेढ कवटाळून, गुडघ्यांनी माती दाबत त्या तिथंच बसल्या. नामानं दोर कापला. मी म्हटलं, "वहिनी, आत चला, विजा चमकतायत. मेढ मी धरतो."

त्या म्हणाल्या, "तू पाइप बघ तुझं."

पाऊणएक तास पाऊस कोसळत होता. पडवीतून दोन्हीकडची माणसं बघत होती. विधवेनं मेढीला हात लावलेला सगळ्यांना दिसत होता. मोठे दीर पायरीपर्यंत आले आणि तिथंच थांबले. हात काढ म्हणायला कुणाची जीभ वळली नाही, आणि शाबास म्हणायलाही वळली नाही.

पाऊस थांबला तेव्हा मेढ सरळ उभी होती. नामानं दगड ठोकून ती पक्की केली. वहिनी उठल्या आणि कुणाकडे न बघता गोठ्याकडे गेल्या. मुहूर्त टळला नव्हता. बापूकाकांनी चिखलात फळ्या टाकून उघड्यावरच पाट मांडले. लग्न लागलं आणि कन्यादानासाठी दीर आणि जाऊ पाटांवर येऊन बसले.

तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या आजीनं विचारलं, "मेढ कुनी धरली व्हती?"

नवरी खाली मान घालून बसली होती, तिचे खांदे हलताना मला दिसले. बापूकाका हातात पळी घेऊन तसेच थांबले.

मोठी जाऊ पाटावरून उठली. तिनं आपल्या नवऱ्याच्या खांद्याला हात लावला, तसे तेही उठले. ती चिखल तुडवत गोठ्यापाशी गेली. वहिनी तिथं गुरांच्या डोणीवर वाकून कोपरापर्यंत माखलेले हात धुवायला लागल्या होत्या. जावेनं त्यांचं मनगट धरलं.

"हितं नको धू गो हात. पाट रिकामा हाय."