झोपेतलं कुणी पाहिलंय?

झोपेच्या तपासणीसाठी दवाखान्यात रांगेत उभा होतो. काउंटरवरची मुलगी प्रत्येकाच्या आजाराचा कोड संगणकात भरत होती. माझ्या पुढच्या गृहस्थांना तिनं विचारलं, "झोपेत श्वास थांबतो का?"

"छे! मला गाढ झोप लागते."

"थांबतो," त्यांची बायको म्हणाली. "मी मनात आकडे मोजते. दहा झाले की कोपरानं ढोसते."

मुलीनं कोड भरला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमचं कुणी पाहिलंय?"

माझी बायको जाऊन तीन वर्षं झाली. तीही ढोसायची. माझ्या घोरण्याला वैतागून ढोसते, असं समजून मी चिडायचो.

"नाही," मी म्हणालो.

"मग सध्या नुसत्या घोरण्याचा कोड टाकते. श्वास थांबण्याचा वेगळा असतो."

घोरणं तरी आता कोण ऐकतं? बाकावर येऊन बसलो. रोज सकाळी जाग येते, एवढ्यावरच मी सगळं ठीक धरून चाललो होतो. या तीन वर्षांत मी कितीदा थांबलो असेन, आणि कुणाच्या भरवशावर पुन्हा सुरू झालो असेन?

भर दुपारी, त्या गर्दीतही माझा डोळा लागला. बरगडीत कोपर बसलं तसा दचकून जागा झालो. शेजारी त्याच बाई बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक.

"भाऊ, परक्या माणसाला कसं ढोसायचं म्हणून थांबले," त्या म्हणाल्या. "तीस झाले हो."