दोराच्या दुसऱ्या टोकाला

माझ्या नवऱ्याला अग्निशमन दलात सगळे बगळा म्हणतात. एक तर उंच आणि किडकिडीत, त्यात काम असं की पाण्याच्या काठावर तासन्‌तास उभं राहायचं. दलाचा पाणबुडा बुडालेल्या माणसाला शोधायला खाली उतरतो, तेव्हा पाणबुड्याच्या कमरेला बांधलेल्या दोराचं वरचं टोक ह्याच्या हातात असतं. त्या पाणबुड्याचं नाव अर्थातच बेडूक. तोंडावर मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणते, पण इथे ‘तो’ म्हणणार. इतकी वर्षं त्याच्याशी संसार केलाय, तेवढी मुभा मला आहे.

गढूळ पाण्यात पाणबुड्याला स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. जे काही बोलायचं ते दोरानेच. काठावरून एक हिसका द्यायचा, म्हणजे ‘ठीक आहेस का?’ खालून एक हिसका आला की ‘ठीक आहे’. उत्तर आलं नाही, तर पुढेमागे न बघता ओढायला लागायचं. ह्या कामात बगळ्याचा हात असा बसलेला की दोर दगडाला घासला, फांदीत अडकला की माणसाने ओढला, हे त्याला डोळे मिटूनही कळायचं. बेडूक म्हणायचा, माझा जीव माझ्या छातीत नाही, ह्याच्या मनगटात आहे. आणि लगेच त्याच मनगटाची टिंगल करायचा, कारण घरी बरणीचं झाकण अडकलं की बगळा ते माझ्याकडेच आणून देतो.

स्वभावाने म्हणाल तर घुम्या. घरी आला की हातपाय धुणार, वर्तमानपत्र उघडणार. आज काय झालं असं विचारलं की ‘काही नाही, काढला.’ काढला म्हणजे प्रेत काढलं. लग्न नवीन होतं तेव्हा तो शब्द ऐकला की मी हातातलं काम टाकून देवापुढे दिवा लावायचे. पुढे मी भाजी चिरता चिरता ‘बरं’ म्हणायला शिकले. माणूस कशालाही सरावतो, आणि हे काही कौतुकाने सांगत नाहीये मी.

गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत एक माणूस बुडाला, तिथून सगळं फिरलं. त्या दिवशीही बगळा घरी आला आणि ‘काढला’ म्हणाला. पण जेवताना त्याचा उजवा हात ताटाकडे न जाता पुढे सरकला. कोणीतरी बाही धरून ओढावी, तसा. तो थांबला आणि त्याने मनगट हलकेच मागे खेचलं. मग घास घेतला. मला वाटलं, शीर आखडली असेल.

पण पुढे ते रोजचंच झालं. दाढी करताना, वर्तमानपत्राचं पान उलटताना, दुकानात पिशवी धरून रांगेत उभं असताना हात पुढे जायचा आणि तो उत्तर दिल्यासारखा मागे घ्यायचा. मी चेष्टा केली, तेल चोळून दिलं, शेवटी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हात वाकवून, दाबून, ठोकून पाहिला आणि दणकट आहे म्हणाले. दवाखान्यातून बाहेर पडताना त्याने दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तिथेही त्याला उत्तर द्यावंच लागलं.

एका रविवारी दुपारी तो खुर्चीत पेंगत होता. खिडकीतून चांगलं ऊन आत आलं होतं, शेजारच्यांचा रेडिओ लागलेला. मी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि नाडी बघतात तसं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग हिसका बसला. मी बायको आहे, त्याचा हात आतून फडफडला तर मला कळणार नाही का? हा आतला नव्हता. पलीकडून कोणीतरी त्याला ओढलं होतं. त्याच्या हाताबरोबर माझेही दोन्ही हात गुडघ्यावरून सरकले. पलीकडे भिंत होती, आणि भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो.

मी त्याला गदागदा हलवून उठवलं. माझा चेहरा बघूनच तो समजला असावा. तेव्हा कुठे त्याने खाणीचं सांगितलं.

त्या दिवशी बेडूक खाली होता. बगळा वरून विचारत होता आणि उत्तर येत होतं. प्रत्येक वेळी, वेळेवर, एकच हिसका. बराच वेळ हे चाललं. आणि अचानक खाणीच्या पलीकडच्या कडेला बेडूक पाण्याबाहेर डोकं काढून शिव्या घालायला लागला. दोर केव्हाच तळाशी पडलेल्या जुन्या लोखंडात अडकला होता. त्याने कमरेची कडी सोडली होती आणि भिंत चाचपत चाचपत तो वर आला होता. बगळ्याच्या हातातल्या दोराला पाणबुडा नव्हताच. त्याने तरीही, नुसत्या सवयीने, आणखी एकदा विचारलं. उत्तर आलं.

सगळे म्हणाले प्रवाहाने ओढला असेल. खाणीच्या पाण्याला कुठला आलाय प्रवाह? नंतर बेडूक दोराच्या मागाने परत खाली गेला तेव्हा बुडालेला माणूस तिथेच सापडला. दोर त्याच्या हाताशी गुंतला होता. गुंतणारच, असंही सगळे म्हणाले.

“तोच विचारतो,” बगळा मला म्हणाला. “मी इतक्या वेळा त्याला विचारलं, आता तो मला विचारतो. उत्तर नाही दिलं तर तो ओढेल.”

पण खरी भीती पुढेच होती. खाणीनंतरही तो कामावर जात होता, बेडूक उतरत होता आणि दोर ह्याच्याच हातात होता. मी विचारलं, पाण्यावर असताना येतो का तो? त्याने मान खाली घातली. मी म्हटलं, दलाच्या साहेबांना सांगा. तर म्हणाला, सांगितलं की दोर गेला. आणि दोराशिवाय त्याला दुसरं येतं काय, हे मलाही माहीत होतं. कोणाला कळू देणार नाही असं त्याने माझ्याकडून वदवून घेतलं. मीही शहाणी, तोंड बंद ठेवलं. बेडकाची बायको बाजारात भेटली की विचारायची, कसं चाललंय? मी म्हणायचे, ठीक. तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्या मनगटावर जगत होता आणि मी तिला हसून ठीक म्हणत होते.

त्याच सुमारास दलात मनाचं प्रशिक्षण आलं. ह्या कामातली माणसं मनाने खचू नयेत म्हणून वरून हुकूम निघाला होता. पूर्वी रुग्णवाहिकेवर काम केलेल्या एक बाई शिकवायला येणार होत्या. दलात हास्याची कारंजी उडाली. बेडूक म्हणे, आता आपल्याला श्वास घ्यायला शिकवणार, म्हणजे मला, जो श्वास सिलिंडरमध्ये भरून नेतो. पहिल्याच दिवशी साहेबांनी बाईंना सांगितलं, आमच्या पोरांची मनं जरा घट्ट करून द्या. बाई म्हणाल्या, ज्याचं आधीच घट्ट झालंय त्याला शोधायला मी आलेय. साहेबांना ते फारसं रुचलं नाही.

बगळ्याचा त्या प्रशिक्षणात समावेशच नव्हता. साहेबांच्या मते जे खाली उतरतात, जे आगीत शिरतात, त्यांना गरज. हा तर काठावर कोरडा उभा असतो. खुर्च्या मांडायला आणि चहा सांगायला मात्र तो होता.

एक दिवस घरच्यांनाही बोलावलं, म्हणून मी गेले. दलाचं मोठं सभागृह, गुळगुळीत फरशी, एकीकडे ओळीने टांगलेली शिरस्त्राणं. बाईंनी दलाचाच दोर मागवला. जोडीतल्या एकाने आत डोळे मिटून बसायचं, दोराचं एक टोक हातात. दुसऱ्याने बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन दुसरं टोक धरायचं आणि हिसका देऊन विचारायचं. आतल्याने खरंच ठीक असेल तरच उत्तर द्यायचं, नसेल तर हात स्थिर ठेवायचा. बाहेरच्याने मग आत येऊन त्याच्याजवळ नुसतं बसायचं. माणसं आधी खिदळली. मग ज्या आडदांड आगवाल्याला मी लग्नकार्यांत लोकांना उचलून नाचताना पाहिलंय, त्याचा हात हललाच नाही आणि खिदळणं थांबलं.

बाईंनी विचारलं, दोर धरणारा कोण आहे तुमच्यात? साहेब म्हणाले, त्याला राहू द्या. बाई म्हणाल्या, तो सगळ्यांना विचारतो, त्याला कोण विचारतं? बगळ्याला चहाच्या किटलीपासून उठवून खुर्चीत बसवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. मग त्याने डोळे मिटले आणि बेडूक बाहेर गेला.

मी दोराकडेच बघत होते. खुर्चीपासून दारापर्यंत तो फरशीवर सैल, वळणं घेत पडला होता. बगळ्याचा हात पुढे गेला. त्याने उत्तर दिलं. पुन्हा गेला, पुन्हा दिलं. दोराची वळणं जागच्या जागी होती. तेवढ्यात दारातून बेडकाने डोकं आत घातलं आणि म्हणाला, अजून मी टोक उचललंच नाही, हा कोणाशी गप्पा मारतोय?

एक जण हसला आणि एकटाच पडला.

बाई बगळ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसल्या. “कोण विचारतंय?” त्यांनी हळूच विचारलं.

“खाणीतला,” तो म्हणाला. डोळे मिटूनच त्याने सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच. बेडूक ऐकत होता. त्याच्या तोंडावरचं हसू पुसायचं राहून गेलं होतं.

“आणि खाणीनंतर मी खाली गेलो, तेव्हा?” त्याने विचारलं.

“तेव्हा दोन उत्तरं येतात,” बगळा म्हणाला. “त्यातलं तुझं कोणतं, मला सांगता येत नाही.”

बेडकाचा हात कमरेवर गेला, दोर बांधायच्या जागी. त्याची बायको माझ्याकडे बघत होती. ती नजर मला अजून झेपत नाही.

बाईंचा आवाज मात्र तसाच होता. तो विचारतो तेव्हा तुम्ही काय सांगता, असं त्यांनी विचारलं. बगळा म्हणाला, ठीक आहे म्हणून सांगतो. आहात का? बाईंनी पुढे विचारलं. नाही, बगळा म्हणाला. मग ह्या वेळी उत्तर देऊ नका, बाई म्हणाल्या, आम्ही सगळे इथे आहोत.

हिसका आला तेव्हा त्याच्या खांद्यावरून मला कळलं. त्याने हात मांडीवर दाबून धरला. दुसरा आला. त्याने ओठ चावला. आणि मग त्याचा हात हळूहळू, न थांबता पुढे जायला लागला, कोपर सरळ झालं, तो खुर्चीवरून उठला. दोराची वळणं सुटली आणि दोर दारापर्यंत ताठ झाला. त्याच्याच हाताच्या ओढीने झाला की कसा, ह्यावर दलात अजून वाद आहेत. दाराबाहेरचा व्हरांडा मात्र रिकामा होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

बेडकाने झेप घेऊन त्याच्या कमरेला मिठी मारली. मग आडदांड आगवाल्याने बेडकाला धरलं आणि बघता बघता सगळं दल एकमेकांना धरून मागे ओढत होतं. खुर्ची उलटली. सगळे एकावर एक पडले. ढिगाच्या तळातून माझ्या नवऱ्याचा रडण्याचा आवाज आला. मी तो तोवर कधीच ऐकला नव्हता, त्याची आई गेली तेव्हासुद्धा नाही.

त्याच्या हातातून दोर गेला. साहेबांना त्याला गुपचूप भांडारात टाकायचं होतं. पण बेडूक आडवा आला आणि म्हणाला, हा बरा होईपर्यंत मी दुसऱ्याच्या दोरावर उतरेन, पण ह्याला लपवायचं नाही. बगळा आता बाईंकडे जातो, बोलतो. घरीही बोलतो. ‘काढला’ एवढ्यावर भागत नाही, इतक्या वर्षांत काढलेला एकेक कोण होता, हातात काय होतं, काठावर कोण रडत होतं, सगळं सांगतो. मी ऐकते. त्याचा हात दिवसेंदिवस शांत होत गेला आणि आता नीट ताटाकडे जातो. लोक विचारतात, तू कशी आहेस? मी म्हणते, मला काय धाड भरलीये, मी ठीक आहे.

परवा सकाळी गच्चीत कपडे वाळत घालत होते. तोंडात चिमटा, हात दोरीवर. वारा नव्हता, पानही हलत नव्हतं. दोरीला हिसका बसला. एकच, विचारल्यासारखा. दोरीचं दुसरं टोक पाण्याच्या टाकीमागे खिळ्याला बांधलेलं आहे, मीच बांधलंय. मी उभी राहिले. पुन्हा बसला. माझा हात उत्तर द्यायला निघालाच होता, इतका सहज की मला त्याची दया आली. मी तो तसाच थांबवला. तोंडातला चिमटा खाली पडला.

“अहो,” मी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, “वर या. मलाही हिसका आलाय. मी ठीक नाहीये.”

माझ्या हातातली दोरी टाकीच्या दिशेने ताणली जायला लागली, सावकाश. जिन्यात त्याची अनवाणी पावलं वाजली. त्याने काही विचारलं नाही. मागून येऊन माझ्या कमरेला घट्ट मिठी मारली आणि सगळा भार मागे टाकला.

“दोरी सोड,” तो म्हणाला. “मी धरलंय तुला.”