बटाटा सडवणारे जंतू

कोविडमधून उठलेल्या आनंदला काळ्या बुरशीने गाठलं. जीव वाचला, पण डावा डोळा गेला. त्याची थोरली बहीण उत्तरा कोलशेतच्या एका प्रयोगशाळेत पिकांवरच्या रोगजंतूंचं काम करायची. बुरशीवर औषधं मोजकीच आणि तीही शरीराला जड, हे तिला नोकरीमुळे आधीच ठाऊक होतं. भावाच्या उशाशी बसून मात्र तिला ते पहिल्यांदा खरं कळलं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी एक गंमत झाली. बटाटा सडवणाऱ्या जंतूंचा एक ठिपका तिने चुकून बुरशी वाढवायच्या खाद्याच्या प्लेटमध्ये लावला. बुरशी सगळीकडे पसरली, पण त्या ठिपक्याभोवती स्वच्छ गोल कडं राहिलं. बटाटा आपल्यालाच खायला मिळावा म्हणून हे जंतू काहीतरी सोडून बुरशीला लांब ठेवत होते. उत्तराने खुशीत कळव्याला भावाला फोन लावला. "अरे, काहीतरी सापडलंय!"

आणि मग ते सापडेचना. जंतूंच्या नेहमीच्या खाद्यावर तिने पुन्हा पुन्हा प्रयोग केला, तर बुरशी खुशाल जंतूंच्या अंगावर चढू लागली. तिचे साहेब शौनक वयाने लहान, बोलायला सौम्य. ते म्हणाले, "उत्तराताई, पहिल्या वेळी काहीतरी गफलत झाली असणार. महिनाअखेरीस हे थांबवू या." तिला फार लागलं. एक डोळा गमावलेल्या माणसाला आपण उगाच आशा लावली, या विचाराने ती आनंदचे फोन उचलेनाशी झाली.

एका दुपारी तिने सोबत काम करणाऱ्या ऋजुताला समोर बसवलं. पहिल्या वेळी वेगळं काय होतं, याचा दोघी काथ्याकूट करत होत्या.

"मॅडम, ती प्लेट बुरशीची होती ना? त्यातलं खाद्य आपण मुद्दाम आंबट ठेवतो," ऋजुता म्हणाली.

उत्तरा ताडकन उठली. "अगं, मग झाडाच्या पेशीतला रसही आंबटसरच असतो! या जंतूंना घरी असल्यासारखं वाटेल तेव्हाच ते बुरशीला रोखणारं ते काहीतरी बनवत असतील."

तिने नेहमीच्याच खाद्याचे दोन भाग केले. एकात आम्ल घातलं, दुसरा तसाच ठेवला आणि दोन्हींत बुरशी नि जंतू लावले. बुरशी वाढेपर्यंतच्या दिवसांत तिला जेवण गोड लागलं नाही. अखेर झाकण उघडलं. साध्या प्लेटमध्ये बुरशीच बुरशी, आणि आंबट प्लेटमध्ये ते कडं, अगदी स्पष्ट. "हुश्श," उत्तरा म्हणाली. ऋजुता हसत होती आणि डोळेही पुसत होती. शौनकनी प्लेट उजेडात धरून नीट पाहिली आणि ते म्हणाले, "सॉरी, ताई. काम चालू ठेवा."

नौपाड्याला घरी न जाता ती थेट कळव्याला गेली. आनंदने दार उघडलं तोच चिडून. "फोन का उचलत नव्हतीस? मला वाटलं, तुलाच काही झालं!"

तिने सगळं सांगितलं आणि घाईने म्हणाली, "पण औषध व्हायला खूप वर्षं लागतील रे. कदाचित होणारही नाही."

"ते मला कळतं गं. मी काय डोळा परत येईल म्हणून वाट बघत होतो?" आनंद म्हणाला. "तू नीट आहेस ना? मग चल, पानं घेतो."

त्या रात्री उत्तरा आमटी-भात दोनदा मागून जेवली आणि भावाच्याच सोफ्यावर गाढ झोपली.