साळवे सिस्टर आधी विचारतात

डायलिसिसच्या खाटेवर पडलेल्या, सुईकडे पाहून घाबरलेल्या माणसाला "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" असे कोणी विचारले, तर त्याला मोकळेपणी "नको" म्हणता येते का? या प्रश्नाचे उत्तर मला येत नाही. तरीही आमच्या परिचारिका रत्नमाला साळवे सिस्टरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात मला त्याच प्रश्नापासून सुरुवात करावी लागते.

उमरेडच्या विणकर घरातली मी पहिली पदवीधर. डायलिसिस तंत्रज्ञ म्हणून नागपूरच्या या रुग्णालयात रुजू झाले आणि पहिल्याच रुग्णापुढे उचललेली सुई मी परत ट्रेमध्ये ठेवली. सिस्टर जवळ आल्या. "भेव लागून राहिलं का वं? लागू दे. ज्याले भेवच नाही लागत, त्याच्या हाती मी सुई देत नाही."

सिस्टर ख्रिस्ती आहेत आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. एकदा उमरेडची शेवटची बस चुकली, तेव्हा त्यांनी मला जरीपटक्याच्या आपल्या घरी नेले. रात्री त्या प्रार्थनेला बसल्या, मला मात्र म्हणाल्या, "तुले बसाचं असंल तं बस, नाही तं टीव्ही पाहा." दुसऱ्या दिवशी माझा चतुर्थीचा उपास होता. मी काही बोलण्याआधीच ताटलीत साबुदाण्याची उसळ आली.

युनिटमध्येही त्यांची हीच रीत. आमच्याकडे सक्करदऱ्याचे एक काका नेमाने येतात. पायात गोळे आले की सिस्टर स्वतः त्यांचे पाय चोळत बसतात. एके दिवशी काकांनी विचारले, "सिस्टर, तुमाले मरणाचं भेव नाही वाटत?"

"वाटते ना. मंग मी येशूले सांगते. तुमच्यासाठी सांगू का? नको म्हणान तरी सुई तेवढीच हळू टोचीन."

"सांगा. पण माझा बजरंगबली रागावला तं?"

"त्याले तुम्ही सांभाळा, काका."

काका खळखळून हसले. सिस्टरांनी डोळे मिटून दोन वाक्ये म्हटली. मी शेजारच्या यंत्रापाशी उभी होते.

हे काकांच्या मुलाच्या कानावर गेले आणि त्याने तक्रार केली: कामाच्या जागी धर्मप्रचार. निवृत्ती तोंडावर आली असताना सिस्टरांची चौकशी सुरू झाली. काकांखेरीज साक्षीदार मी एकटीच. सिस्टर जवळ आल्या की काका आता भिंतीकडे तोंड करून पडतात. या अंकासाठी लेख कबूल केलेल्या काहींनी "वेळ नाही" असे कळवले. मलाही "फक्त सेवाभावावर लिहा" असा सल्ला मिळाला. आई फोनवर म्हणाली, "तू काहून मंधात पडून राहिली वं? किती मुश्किलीनं लागली नोकरी."

तिचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. अजूनही रुग्णालयाचा फोन आला की उचलण्याआधी मी नंबर दोनदा पाहते. शेवटी मी सिस्टरांनाच म्हटले, "मी सांगून देते, तुम्ही येशूचं नावच नाही घेतलं म्हणून."

इतक्या वर्षांत सिस्टर माझ्यावर पहिल्यांदा रागावल्या. "घेतलं तं घेतलं! जे ऐकलं ते सांग. माह्यासाठी खोटं बोलशीन, तं भेव वाटलं की येशूले सांगते असं त्या काकाले मी म्हटलं, त्याले काय अर्थ राहिला?"

खरे सांगितल्याने त्या वाचतील की अडकतील, मला माहीत नाही. चौकशीचा निकाल अजून लागायचा आहे. तो काहीही लागो, सिस्टरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे आणि त्यांचा आवाज शाबूत राहोत. आणि त्या जिथे असतील तिथे घाबरलेल्या माणसांना त्यांची सोबत मिळत राहो, ही माझ्या देवाजवळ आणि त्यांच्याही देवाजवळ मागणी.

सोमवारी मी चौकशी समितीपुढे जाऊन आले. सिस्टरांनी येशूचे नाव घेतले, हे आधी सांगितले. त्यांनी काकांना कसे विचारले आणि काका काय म्हणाले, ते नंतर सांगितले. जबाबाखाली पूर्ण नावाने सही केली आणि ड्यूटीवर परत आले.