निंब तोडला आणि पाहुणे आले

त्या वर्षी आमच्या घरात माणसांना बसायला जागा नव्हती. तिथे कापूस बसला होता.

कापसाचे भाव पडलेले. आज चढेल, उद्या चढेल म्हणत आर्णीजवळच्या आमच्या गावात घरोघरी कापूस आढ्यापर्यंत रचलेला. आम्ही जेवायचो अंगणात, झोपायचो अंगणात. (कापसाशेजारी झोपलं की रात्रभर अंग खाजवत बसावं लागे!) त्यामुळे माझ्या बहिणीला, कमलला, बघायला ऐन मे महिन्यात उमरखेडचे पाहुणे येणार म्हटल्यावर बैठक अंगणातच होणार हे उघड होतं. आधीच्या दोन ठिकाणांहून नकार आला होता. हेही स्थळ गेलं तर माय मला जेवायला वाढणार नाही, हेसुद्धा उघड होतं.

बाबा हयात नव्हते, म्हणून घरचा कर्ता मी. त्यातून पुसदला शिकून आलेलो! शेणानं सारवलेलं अंगण, वर तुराट्यांचा मांडव, बाजूला पानं गाळत उभा कडूनिंब. पाहुणे काय म्हणतील? मी निंब तोडला, मांडव उपटला, खाली गुळगुळीत सिमेंट घातलं आणि वर चकचकीत टिनं ठोकली. टिनं अर्ध्याच अंगणाला पुरली, पण तेवढा भाग काय दिसत होता!

"काहून तोडलं रे झाड?" माय ओरडली.

"टिनाची बी सावलीच पडते ना माय!"

कमलनं तर आपली बाज उचलून शेजारी नेली.

पाहुणे दुपारी बाराला पोचले. नवरा मुलगा, त्याचे वडील आणि मामा.

"चपला बाहेरच काढा जी, नवं सिमेंट हाय!" मी अभिमानानं सांगितलं.

मुलानं पहिलं पाऊल टाकलं. पुढचं सगळं अंगण त्यानं उड्या मारत पार केलं! मामा "अरे बाप्पा, अरे बाप्पा" करत थेट खुर्चीवर चढले आणि पाय खाली सोडायला तयार होईनात.

टिनाखाली तर भट्टीच होती.

"थोडं गरम होऊन राह्यलं का?" मी विचारलं.

"नाही जी," वडील म्हणाले. टोपीखालून निघालेला घाम त्यांच्या मिशीत उतरत होता.

मग मी सिमेंटवर दोन बादल्या पाणी ओतलं. (सारवलेल्या अंगणात मायचा हा उपाय हमखास लागू पडायचा!) सिमेंटमधून अशी वाफ निघाली की पाहुणे मला दिसेनात. नेमका तेव्हाच मायनं गरम चहा आणला.

मामा "हात धुऊन येतो" म्हणून गेले, ते आलेच नाहीत. वडील मामांना शोधायला गेले, तेही आले नाहीत. मुलगा दोघांना शोधायला उड्या मारत गेला. मी तीन रिकाम्या खुर्च्यांपुढे चहा धरून उभा!

शेवटी तिघंही सापडले शेजारच्या गोदामावशीच्या अंगणात. तिच्या निंबाखाली, बाजेवर, माठाचं पाणी पीत. मामांनी तर सदराही काढला होता. कमल पोह्याच्या बशा घेऊन तिकडेच गेली.

"बाई, ते सिमेंट कोणाच्या डोक्यातून निघालं?" मुलाच्या वडिलांनी तिला विचारलं. गेलं स्थळ!

"भावाच्या," कमल म्हणाली. "निंब तोडू नको म्हटलं होतं मी त्याले. आयकलं नाही."

वडील मामांकडे बघून हसले. "पोरीले अक्कल हाय. आमाले पसंत!"

मला इतका आनंद झाला की मायला सांगायला मी अनवाणीच पळत सुटलो. अर्ध्या अंगणात मलाही अक्कल आली.

लग्नात नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि नवरदेवानं त्याला मानाची भेट द्यायची, अशी रीत. मी मनगटी घड्याळाच्या आशेनं चांगला जोर लावून पिळला. नवरदेवानं कान चोळत तेलाचा एक जुना डबा माझ्या हाती दिला. डब्यात निंबाचं रोप! सारा मांडव हसला.

रोप लावायला अंगणात वीतभर माती उरली नव्हती. घण आणि छिन्नी घेऊन मी बसलो. माय गोदामावशीच्या निंबाखालून ओरडत होती, "चप्पल घाल रे बापू!" खड्ड्यापुरतं सिमेंट फुटायला तीन दिवस लागले. जन्मात माझ्या हातून एकच काम पक्कं झालं होतं, आणि तेही मलाच फोडावं लागलं!