सागरद्वीप: रिकाम्या दीपनौकेला घातलेली हाक

त्या सकाळी मी एक गोष्ट केली आणि लगेच मोडली. रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरात देव्हाऱ्याबाहेर एक वेगळा दिवा असतो, धाकट्या भावाचा, वसंताचा. हुगळीच्या मुखाशी जहाजांना वाट दाखवायला नांगरलेल्या, बिनमाणसांच्या दीपनौकेवर दुरुस्तीची माणसं नेणाऱ्या बोटीवर तो मिस्त्री होता. एका संध्याकाळी बोटीवर होता, सकाळी नव्हता. तेरा वर्षं झाली.

आमच्याकडे जिवंत माणसासाठी लावलेल्या दिव्याची वात पूर्वेकडे, गेलेल्यासाठी दक्षिणेकडे. बारा वर्षं उलटली तेव्हाच गुरुजी म्हणाले होते, आता त्याला मोकळं करा. त्या सकाळी मी दिवा दक्षिणेकडे फिरवला. मागे आई उभी होती. मी तो परत पूर्वेकडे केला.

"तू पाह्यलं का तिथं जाऊन?" ती म्हणाली. "आधी पाहून ये, बाबू. मंग फिरव."

तिकीट मुलीनं काढून दिलं. तिला मराठी समजतं, उत्तर मात्र हिंदीत. "पापा, लाइटहाउस देखने कौन जाता है?"

संध्याकाळची हावडा गाडी. सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या धुरात मागे राहिल्या. सकाळी हावड्याला उतरून कोलकात्यातल्या धर्मतल्याहून काकद्वीपची बस धरली. तीन-साडेतीन तास लागतात. पुढे नदी ओलांडायला मोठी लाँच. तिकीट किरकोळ, पण ओहोटीला फेरी तासन्‌तास बंद असते, म्हणून वेळ विचारूनच निघा. मी चार तास घाटावर बसलो. पलीकडे सागरद्वीप, तिथून बसनं तासाभरात गंगासागर. धर्मशाळा स्वच्छ होती. भात, डाळ, बटाट्याची भाजी. कपिलमुनींचं दर्शन घेतलं, पण काय मागावं ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी गोपालदा नावाच्या कोळ्याच्या बोटीतून समुद्रात गेलो. मोठी जहाजं एकामागून एक कोलकात्याकडे जात होती. त्यांच्या वाटेच्या कडेला ती दीपनौका दिसली: लाल रंगाची, मधोमध दिव्याचा खांब, डेकवर कोणी नाही. सगळं पाणी चालत होतं, तीच एक उभी होती.

वसंतानं एकदा तिथूनच फोन केला होता. "भाऊ, ह्या जहाजात कोनी राहत नाही, पन घंटा वाजून राहिली. ऐक."

गोपालदानं इंजिन बंद केलं आणि तिच्याकडे तोंड करून हाक दिली, "ओ दादा!"

मी विचारलं, आत कोणी आहे का?

"कोई नहीं," तो म्हणाला. "हम लोग फिर भी आवाज़ देते हैं। जो लौटा नहीं, वो यहाँ नहीं तो बैठेगा कहाँ?"

पाणी सपाट होतं, घंटा गप्प होती. मी हाक मारली, "वसंता!"

घंटा एकदाच वाजली.

मागून गेलेल्या एखाद्या जहाजाची लाट उशिरा पोचली असेल. मी स्वतःला तेच सांगतो. गोपालदानं पाण्याला हात जोडले आणि इंजिन सुरू केलं.

परतल्यावर बेटावरचा दीपस्तंभ चढलो. दुपारनंतर थोडाच वेळ वर सोडतात. दिव्याभोवतीच्या काचांपैकी गावाच्या बाजूच्या काळ्या रंगवलेल्या होत्या. मी कारण विचारलं तर तिथला कर्मचारी हसला. "ज़मीनवालों को क्या ज़रूरत? ये उधरवालों के लिए है।"

अंधार पडताना मी गावातल्या रस्त्यावर उभा होतो. दिवा लागला असणार, कारण समुद्रावर उजेड फिरत होता. माझ्या अंगावर मात्र तो आला नाही. वाटलं, आमचा दिवा तेरा वर्षं आमच्याचसाठी जळत होता, त्याच्यासाठी नाही.

रायपूरला पोचलो तेव्हा आई दारातच होती. "होता का?"

मी सांगितलं, हाक दिली, घंटा एकदा वाजली.

ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "ओ दिली त्यानं. आता त्याले अंधारात काहून ठेवतो?"

तिनं काडेपेटी माझ्या हातात दिली. मी वात लावली, दिवा दक्षिणेकडे फिरवला, आणि हात काढून घेतला.