आतली कडी

खुरपं, झारी आणि शेणखताची गोणी ठेवायला मागच्या अंगणात एक शेड पाहिजे, असं संजना गांगुर्डेनं घरात सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. संजनाला त्या शेडमध्ये स्वतःला ठेवायचं होतं. रोज दुपारी दोन तास, एका खुर्चीवर, कुणी हाक मारणार नाही असं. तिथं बसून काय करणार, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. म्हणून तर खुरप्याचं नाव पुढं केलं.

सातपूरच्या वसाहतीत त्यांचं रो-हाऊस. हॉलमध्ये सासऱ्यांची कॉट. बेडरूममध्ये मुलीचं, राखीचं ऑफिस. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायची, कानात हेडफोन घालून आणि दाराला आतून कडी लावून. नवरा नवनाथ फर्स्ट शिफ्टला जायचा आणि सव्वाचारला परत यायचा; आला की हॉलमधला टीव्ही त्याचा. संजनाच्या वाट्याला राहिलं स्वयंपाकघर, आणि त्याला दारच नव्हतं, नुसती चौकट. ज्याला यायचं तो यायचा, ज्याला हवं तो मागायचा.

पूर्वी ती एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती. चार वर्षांपूर्वी सासरे, धोंडीरामबाबा, विसरायला लागले. आधी माणसांची नावं गेली, मग नाती. एके दिवशी पहाटे ते खाकी ड्रेस घालून घरातून निघाले आणि त्यांच्या जुन्या कंपनीच्या गेटवर जाऊन रांगेत उभे राहिल्यासारखे उभे राहिले. कंपनी केव्हाच बंद पडलेली, तिथं आता कुणाचं तरी गोडाऊन. वॉचमनकडे ते आपलं पंचिंगचं कार्ड मागत होते. त्यानंतर घरात ठरलं की संजनानं नोकरी सोडावी. कुणी ठरवलं ते विचारू नका. असल्या गोष्टी घरात आपोआप ठरतात, आणि आपोआप ठरलेलं बाईच्याच पदरात पडतं. गेटला कुलूप आलं आणि किल्ली संजनाच्या कमरेला. कुलूप बाबांसाठी होतं, पण आत दोघंही होते.

बाबांनी एकतीस वर्षं त्या कंपनीचं टूल स्टोअर सांभाळलं. ड्रिल असो की गेज, चिठ्ठीशिवाय खिडकीतून काही बाहेर जायचं नाही. एकदा म्हणे मॅनेजरलाही त्यांनी रिकाम्या हातानं परत पाठवलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. सून ओळखू येत नव्हती, पण नियम पाठ होते. कुणी मांडणीवरचा चमचा घेतला तरी विचारायचे, "चिठ्ठी कुठाय?" आणि उघडी कडी तर त्यांच्या डोळ्यांत खुपायची. दिसली की लावलीच. एकदा राखी बाथरूममध्ये असताना त्यांनी बाहेरून कडी लावली, तिची मीटिंग हुकली. दुसऱ्याच दिवशी नवनाथनं ती बाहेरची कडीच उखडून टाकली. राखीची मीटिंग होती ना. संजनाचा चहा रोज थंड व्हायला लागून चार वर्षं झाली, पण त्यासाठी या घरात कुणी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला नव्हता.

शेड निवडायला जायचं ठरलं तो रविवार होता. संजना साडी नेसून तयार झाली, तेवढ्यात नवनाथ म्हणाला, "अगं, मग बाबांजवळ कोण?" राखीला रविवारी झोप हवी होती. नवनाथ एकटाच गेला आणि दुकानातून फोटो पाठवत राहिला. आधी प्लास्टिकची रेडिमेड शेड, खेळण्यातल्या घरासारखी. तिची किंमत ऐकून दोघांनीही तो फोटो पुन्हा उघडला नाही. मग साधा पत्रा, मग कलर पत्रा. संजनानं स्वयंपाकघरात उभं राहून, एका हातानं भाजी हलवत, दुसऱ्या हातानं स्वतःची खोली निवडली. पांढरा कलर पत्रा, कमी तापतो म्हणून. आला हिरवा. "पांढरा स्टॉकमध्ये नव्हता," नवनाथ म्हणाला. तेही बरोबरच होतं. या घरात प्रत्येकाचं कारण बरोबर असायचं, हीच तिची खरी अडचण होती. चूक असतं तर भांडता आलं असतं.

सोमवारी फॅब्रिकेशनवाला राजू माप घ्यायला आला. सहा बाय आठ, उतार मागच्या भिंतीकडे, दाराखाली दोन बोटं फट म्हणजे पाणी तुंबणार नाही. संजना म्हणाली, "एक छोटी खिडकी ठेवा. आणि दाराला आतून कडी."

राजूनं टेप गुंडाळत तिच्याकडं पाहिलं. "ताई, शेडला आतून कडी कोण लावतं? सामान काय आत बसून कडी लावून घेतं का?"

नवनाथ मोठ्यानं हसला. मग हसू आवरून म्हणाला, "आणि बाबा आत जाऊन कडी लावून बसले तर? पत्रा कापायला लागेल."

हेही बरोबर होतं. खिडकी तेवढी मिळाली, जाळीची, डोक्याच्या वर.

काम दोन दिवसांत झालं. पहिल्या दिवशी खाली कोबा, दुसऱ्या दिवशी अँगलचा सांगाडा बोल्टांनी आवळला आणि वर पत्रे चढले. ड्रिल घरघरू लागलं तसे बाबा मागच्या दारात येऊन उभे राहिले आणि राजूला म्हणाले, "बिट संध्याकाळी परत जमा करायचा. मोडला तर तुकडे आणून दाखवायचे." राजूनं मान डोलावली. संजनानं दिवसभरात चार वेळा चहा केला आणि प्रत्येक वेळी कप द्यायच्या निमित्तानं आत डोकावून आली. खूप वर्षांनी तिला आतून हसू येत होतं. संध्याकाळी तिनं शेडमध्ये एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि खिडकीखाली बियाणं पेरल्याच्या तारखा लिहायची वही आणि पेन.

पण रिकामी जागा घराला बघवत नाही. दुसऱ्या दिवशी जुना कूलर आला. मग नवनाथचे दोन टायर, राखीच्या कॉलेजच्या पुस्तकांची खोकी, पाहुण्यांच्या गाद्या. खुर्ची सरकत सरकत शेणखताच्या गोणीला टेकली. तरी संजना जाऊन बसायची. पहिल्या दिवशी आठ मिनिटांत हाक आली, "मम्मी, माझा चार्जर?" दुसऱ्या दिवशी गॅसवाला. तिसऱ्या दिवशी कुणीच हाक मारली नाही, तर तिलाच राहवेना: बाबा कुठं असतील? गेटवर चढत तर नसतील? ती उठून बघून आली. बाबा कॉटवर गाढ झोपले होते. परत येऊन बसली तेव्हा तिला रडू आलं. पायात बेडी नाही, कुणी मारत नाही, कुणी वाईट बोलत नाही, आणि तरी सहा बाय आठच्या जागेत दहा मिनिटं बसता येत नाही. हे सांगायचं कुणाला? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

डिसेंबरातली ती दुपार होती. तीन वाजले होते, थंडी होती आणि पत्रा उन्हानं नुसता कोमट झाला होता. बाबा झोपलेले पाहून संजना शेडमध्ये गेली, दार लोटून बसली. पाच मिनिटं झाली असतील, बाहेर चपला घासल्याचा आवाज आला आणि कडी खाडकन लागली.

"बाबा!" ती ओरडली. "बाबा, मी आत आहे!"

तिनं दार ढकललं. राजूचं काम पक्कं होतं. तिनं पत्र्यावर हात आपटले, "राखी, राखी" म्हणून हाका मारल्या. राखीच्या कानात हेडफोन. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला. गेटची किल्ली मात्र कमरेला होती, आणि त्या वेळी तिला त्या किल्लीचा इतका राग आला की ती तिनं काढून गोणीवर फेकली. कूलर, टायर, गाद्या सगळं अंगावर आल्यासारखं झालं. घरातल्या अडगळीत आपल्यालाही कुणीतरी आणून ठेवलंय, असं तिला वाटलं आणि ती घाबरली.

खाली वाकून तिनं फटीतून पाहिलं. दाराशीच बाबांच्या चपला दिसल्या. ते बाहेर उलट्या ठेवलेल्या कुंडीवर बसले होते.

"बाबा, कडी काढा ना."

"कोण हाय आत?"

"मी. संजना."

"कोण संजना?"

"तुमची सून."

"सून घरात आसंल," बाबा शांतपणे म्हणाले. "सून स्टोअरमधी कशाला येईल?"

माप घेताना राजूनंही दुसऱ्या शब्दांत हेच विचारलं होतं, आणि नवनाथ हसला होता.

"बाबा, हात जोडते. उघडा."

"हात जोडून नाय चालत बाई. चिठ्ठी आसंल तर बोला."

संजनानं डोळे पुसले. वहीतलं एक पान फाडलं. शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं चिठ्ठ्याच लिहिल्या होत्या, हाताला ते सांगावं लागलं नाही. 'स्टोअरकीपर यांस, दार उघडावे.' खाली सही. कागद दोन बोटांच्या फटीपाशी नेला आणि तिचा हात तिथंच थांबला.

बाबांच्या चपला समोर दिसत होत्या. बाबा गेटवर नव्हते, गॅसपाशी नव्हते, रस्त्यावर नव्हते. चार वर्षांत पहिल्यांदा, डोळ्यात तेल घालून न बघता, ते कुठं आहेत हे तिला पक्कं माहीत होतं. आणि त्यांच्या परवानगीशिवाय या दारातून आत कुणी येऊ शकत नव्हतं. आतून कडी मागितली होती, ती मिळाली नाही. आता दाराबाहेर एकतीस वर्षांच्या नोकरीचा स्टोअरकीपर बसला होता.

तिनं चिठ्ठी फाडली. दुसरी लिहिली आणि फटीतून सरकवली.

बाबांनी ती सावकाश वाचली. अक्षरं त्यांना अजून लागायची. "साडेपाच वाजेपर्यंत स्टोअर उघडू नये." मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं दिलेलं. "आता साडेतीन वाजत्यात. बरं."

संजना खुर्चीवर बसली. काही वाचलं नाही, काही लिहिलं नाही. जाळीतून उन्हाचा तुकडा गादीवर पडला होता, तो हळूहळू सरकत कूलरवर गेला, तेवढं तिनं सगळं पाहिलं.

सव्वाचारला नवनाथ आला. गेट आतून बंद, म्हणून त्यानं राखीला फोन करून करून बाहेर काढलं. राखीनं जादा किल्ली शोधून गेट उघडलं. मग दोघांची शोधाशोध मागच्या अंगणात आली.

"बाबा, संजना कुठंय?"

"मला काय ठावं. आत एक बाई हायेत. त्यांची चिठ्ठी हाय."

"आत? अहो, कडी काय लावताय!" नवनाथचे पाय दाराशी आले आणि लगेच थांबले. बाबांनी त्याचं मनगट धरलं असावं, कारण तो "बाबा, सोडा, दुखतंय" म्हणाला.

"साडेपाचशिवाय उघडणार नाय. मॅनेजर आला तरी नाय. हे बघ, लिव्हलंय."

कागद हातात घेतल्याचा आवाज झाला. बायकोचं अक्षर नवनाथला ओळखू आलंच असणार.

"संजना," तो खालच्या आवाजात म्हणाला, "हे तू लिहिलंस? उघडू ना?"

एका शब्दात ती बाहेर आली असती. ओठांवर आलेला 'हो' तिनं परतवला. "लिहिलंय तेच," ती म्हणाली.

"मम्मी, पण चहा..." राखी म्हणाली आणि अर्ध्यावरच थांबली.

पावलं घरात गेली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात डबे वाजायला लागले, आणि मग नवनाथची हाक आली, "साखरेचा डबा कुठंय?"

"चिठ्ठी आण!" बाबा बसल्या जागेवरून ओरडले.

संजना तोंडावर पदर दाबून हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते थांबेना. चार वर्षं जो येईल तो तिला हाक मारून घेऊन जात होता, आणि तिच्यासाठी चिठ्ठी मागणारा माणूस हा एकच निघाला. तोही तिला ओळखत नव्हता.

बरोबर साडेपाचला कडी निघाली. बाबा दारात उभे, हातात चिठ्ठी. "सही करा. माल बाहेर गेल्याची."

तिनं सही केली. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "गांगुर्डे? आमच्यातल्याच दिसता. कुठल्या?"

"तुमच्याच घरातली, बाबा."

"आसं व्हय," ते म्हणाले, पण त्यांना काही आठवलं नाही. चिठ्ठीची नीट घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. "उद्या काम हाय का?"

संजनानं गोणीवरची किल्ली उचलून पुन्हा कमरेला खोचली. स्वयंपाकघरातून नवनाथ दुसऱ्यांदा साखरेचं विचारत होता.

"आहे," ती म्हणाली. "तीन वाजता चिठ्ठी देते."